ऑक्सिजनमधलं वर्तुळ

माझ्या मामाने कुणाला "बरं केलंस" म्हटलेलं मी कधी ऐकलं नाही. सैन्यात तो दुर्बिणी दुरुस्त करायचा. तोफखान्याच्या, रणगाड्यांच्या, बर्फातल्या चौक्यांवरच्या. सुभेदार होऊन माण तालुक्यातल्या गावी परतला तेव्हा त्याने मळ्यातल्या घरावर सरकत्या पत्र्याचं छप्पर केलं आणि खाली स्वतःची दुर्बीण बसवली. त्याला मूलबाळ नव्हतं. काचेशी त्याचं माणसांपेक्षा जास्त जमायचं. भिंग पुसताना तो त्याला "अगं, थांब की जरा" म्हणायचा. मामीला हाक मारायची झाली तर "ए".

मी उंब्रजला एका खाजगी दवाखान्यात एक्स-रे काढतो. गाव हायवेला लागून, घरापुढेच सर्व्हिस रोड. आईला माणातून इकडे दिलं तेव्हा तिच्या गावचे लोक म्हणाले म्हणे, पोरगी दुष्काळातनं पाण्यात पडली. ती मात्र उसाच्या बांधावर उभी राहूनही माहेरचीच राहिली. भावाचं नाव निघालं की पदर सावरायची. लहानपणी तापात तिला पाठीवर घेऊन मामा दवाखान्यात चालत गेला होता, ही गोष्ट आम्ही सगळ्यांनी इतक्यांदा ऐकली होती की माझी बायको ती आईच्या आधी पुरी करायची.

दुर्बिणीचा नाद मला मामामुळेच लागला. पहिला फोटो चंद्राचा काढला आणि मुद्दाम माणात जाऊन त्याला मोबाइलवर दाखवला. त्याने मोबाइल हातात घेतला, खांद्यावरच्या टॉवेलने काच पुसली, परत बघितलं आणि म्हणाला,

"मला वाटलं काच घाण हाय."

मामी चुलीपुढे होती. तिने वर बघितलं नाही.

तरी मी त्याच्याकडे जात राहिलो. आमच्या भागात या गोष्टी जाणणारा दुसरा कोण होता? आणि तो शिव्या घालताघालता शिकवायचा. नॅरोबँडचं त्यानेच मला सांगितलं. माझ्या गच्चीवरून हायवेचे दिवे, पेट्रोल पंप, दोन ढाबे आणि एका मंगल कार्यालयाची रोषणाई एवढं सगळं दिसायचं. आकाश त्यातून उरलं तर.

"अख्खं आकाश बघायचा नाद सोड," तो म्हणाला. "तुझ्या नशिबी ते न्हाई. एका रंगाची फट धर."

म्हणजे कॅमेऱ्यापुढे असा फिल्टर लावायचा की हायड्रोजनचा तेवढा लाल, नाहीतर ऑक्सिजनचा तेवढा हिरवट-निळा उजेड आत येईल आणि बाकीचा जवळजवळ सगळा बाहेर राहील. ढाब्याचा दिवा बाहेर, ट्रकचा दिवा बाहेर. एकेक फोटो बराच वेळ उघडा ठेवायचा, असे ढीगभर फोटो काढायचे आणि कॉम्प्युटरवर एकावर एक रचायचे. मग जे दिसतं, ते डोळ्यांना कधीच दिसलं नसतं.

बघायचं काय, तेही त्यानेच सांगितलं. सूर्यासारखा तारा म्हातारा झाला की अंगावरचा वायू बाहेर टाकतो. मधे एक तापलेला गोटा उरतो आणि भोवती तो वायू चकाकत पसरत जातो. त्याला ग्रहीय तेजोमेघ म्हणतात. ग्रहांशी त्याचा काही संबंध नाही, जुन्या लोकांना तो गोल दिसला म्हणून ते नाव पडलं. तरुण मेघ लहान आणि झगझगीत असतात, सगळे त्यांचेच फोटो काढतात. म्हातारे मेघ फुगून इतके विरळ होतात की असून नसल्यासारखे. त्यांची ठेवण, कडा, पापुद्रे ओळखायला हिवाळेच्या हिवाळे जातात.

"तुझ्यासारख्याला म्हातारा बरा," मामा म्हणाला. "तो काय पळून जात न्हाई."

कर्क राशीतला एक मेघ त्याने मला नेमून दिला. त्याला नाव नव्हतं, यादीतला नंबर होता. पोटात, मध्यापासून जरा बाजूला, एक चांगला ठळक तारा होता. तो मेघाचा नव्हे. वाटेत आपल्या बाजूला कुठेतरी उभा असलेला. मला निघताना बघून मामा आत गेला आणि एक छोटी डबी घेऊन आला. आत त्याचा ऑक्सिजनचा फिल्टर होता.

"घे. मला आता नको."

त्याने मला दिलेली ती पहिली वस्तू. घरी आल्यावर आईने ती डबी देवापुढे ठेवली, हळदकुंकू लावलं आणि मग माझ्या हातात दिली. "बघ," म्हणाली, "तोंडानं वाईट हाय, पर जीव हाय त्याचा तुझ्यावर."

पहिल्या हिवाळ्यात मेघ मिळाला. हायड्रोजनमध्ये फिकट लाल धग, ऑक्सिजनमध्ये मधे निळसर धुकं. रचलेले फोटो ताणून उजळवल्यावर ऑक्सिजनमध्ये आणखी काहीतरी दिसलं. मेघाला कवेत घेणारं एक मोठं, अगदी अस्पष्ट वर्तुळ. आधी वाटलं डोळ्यांना थकवा आलाय. दुसऱ्या दिवशी दवाखान्यातून जेवायला घरी आलो तेव्हा परत बघितलं. होतं. म्हाताऱ्या ताऱ्यांनी आधीच्या काळात फेकलेलं बाहेरचं कवच कधीकधी असं सापडतं, हे मी वाचलं होतं. या मेघाभोवती असं कवच कुणी दाखवलेलं मला कुठे सापडलं नव्हतं.

मामाला फोन केला. फोटो पाठवला.

"जमव अजून," तो म्हणाला. "आनि एक ध्यानात ठेव. फ्रेम केसभर हलवायची न्हाई. तारा जितं आज हाय, तितंच दर वेळी आला पायजे. शिस्त म्हंजे शिस्त."

"व्हय मामा."

तो हसला नाही, टोचून बोलला नाही. मला वाटलं, सापडलं याला माझ्यात काहीतरी.

मी फ्रेम हलवली नाही. कॉम्प्युटर दर वेळी तारे जुळवून दुर्बीण त्याच जागी आणायचा, आणि मी वर स्वतः तपासायचो. पुढच्या हिवाळ्यातही वर्तुळ जिथल्या तिथे आलं. दोन हिवाळे एकाच जागी, म्हणजे खरंच असणार, असा माझा हिशोब. आईला मी कॉम्प्युटरपुढे बसवून बोटाने वर्तुळ दाखवलं. तिला काही दिसलं नाही. "हाय हाय," म्हणाली, "दिसतंय की."

सांगलीत आकाश बघणाऱ्या हौशी लोकांचा एक गट आहे. त्यात डॉक्टर आहेत, वकील आहेत, शाळेतले शिक्षक, हळदीचे एक व्यापारी. वर्षातून एका रविवारी सकाळी ते एकत्र जमतात, ज्याने जे केलं ते पडद्यावर दाखवतो, मग चहा आणि भडंग. मामाला तिथे फार मान. त्यानेच फोन करून कळवलं की या वेळी माझा भाचा बोलेल.

त्याच आठवड्यात मामीचा फोन आला. ती कधी फोन करत नसे.

"सांगलीला जायलाच पायजे का रं?" तिने विचारलं.

"म्हंजे? मामानंच ठरवलंय मामी."

"व्हय, ठरवलंय खरं. पर तुझी ड्युटी असंल तर न्हाई गेलास तरी चालंल न्हवं?"

मी सुट्टी घेतल्याचं सांगितलं. मग शेळी व्यालीय, दोन पिल्लं दिलीत असं काहीतरी बोलून तिने फोन ठेवला.

रविवारी आईला घेऊन मी सांगलीला गेलो. तिने ठेवणीतलं जरीकाठी लुगडं नेसलं होतं. मामा-मामी एसटीने येऊन आमच्या आधी पोचले होते. मामा पहिल्या रांगेत, शेजारी आई, कडेला मामी. माझा नंबर आला. बोललो बरा. मेघ दाखवला, दोन फिल्टरमधला फरक दाखवला, आणि शेवटी वर्तुळ. लोक पुढे वाकून बघायला लागले. मागून कुणीतरी "वा" म्हणालं.

मामा उभा राहिला.

"एक शंका हाय. तारा कोपऱ्यात सरकवून कवा फोटो काढलास का?"

"न्हाई."

"का?"

"तुमीच सांगितलं होतं मामा, फ्रेम हलवायची न्हाई म्हणून."

मामा लोकांकडे वळला. "ऐकलं का? मी सांगितलं म्हणून." लोक हसले. तो सावकाश पुढे आला, खिशातून पेनड्राइव्ह काढला आणि स्वतः लॅपटॉपला लावला. पडद्यावर माझाच मेघ आला, माझ्यापेक्षा कितीतरी स्वच्छ. त्यात तो ठळक तारा मुद्दाम एका कोपऱ्याकडे नेलेला होता. आणि माझं वर्तुळ मेघाला सोडून उलट्या अंगाला घरंगळलेलं, निखळलेल्या चाकासारखं नुसतंच आकाशात पडलेलं.

"ताऱ्याचा उजेड फिल्टर आनि कॅमेऱ्याची काच, ह्यांच्या मधी आपटतो," तो शिकवण्याच्या आवाजात म्हणाला. "त्याचं हे भूत. तारा इकडं नेला की भूत तिकडं जातं. जे खरं असंल ते हलत न्हाई. हा फोटो मी ह्याच्या आधीच काढून ठेवलाय, आनि फिल्टरबी तोच हाय. असली भुतं दावायला लागला म्हणून तर मी काढून टाकला. भाच्याला दिला."

मोठा हशा झाला. मामा तो ओसरेपर्यंत थांबला. मग माझ्याकडे वळून म्हणाला,

"एक्स-रे काढतोस न्हवं तू? मानसाच्या गळ्यातला ताईत काढून ठेवायला सांगतोस, न्हाईतर छातीत डाग दिसतो म्हणून. आनि ताऱ्याच्या गळ्यातला ताईत तुला दोन वरसं वळखंना?"

आता सगळेच हसले. काहींनी टाळ्या वाजवल्या. आणि पहिल्या रांगेत माझी आई हसत होती, टाळ्या वाजवत होती, पदराने डोळे पुसत होती. तिला वाटलं, सगळे माझं कौतुक करतायत.

पुढचं मला थांबवता आलं नाही. मी वायर गुंडाळत होतो. चहाच्या वेळी आईने पिशवीतून पेढ्यांचा पुडा काढला आणि एकेकाच्या हातावर पेढा ठेवत निघाली. हळदीच्या व्यापाऱ्यांनी विचारलं, "हे कशाबद्दल, आजी?"

"पोरानं शोध लावला न्हवं का," आई म्हणाली.

त्यांनी पेढा घेतला आणि खाली बघून खाल्ला. बाकीच्यांनीही घेतले. मामानेही एक घेतला, अर्धा मोडून मामीपुढे धरला. मामीने हात मागे घेतला.

परतताना चौघंही माझ्या गाडीत. मामा-मामींना विट्याच्या स्टँडवर सोडायचं आणि आम्ही कराडकडे वळायचं, असं ठरलं होतं. तासगाव मागे पडलं. मग मी विचारलं, "पहिल्याच दिशी का न्हाई सांगितलं?"

"सांगितलं असतं तर इसरला असतास," मामा म्हणाला. "आता मरेपर्यंत इसरणार न्हाईस. फौजेत असंच शिकवत्यात." आणि खिडकीला डोकं टेकून त्याने डोळे मिटले. थोड्याच वेळात घोरायला लागला.

विट्याला तो एसटीची चौकशी करायला गेला. आई मागच्या सीटवर पेंगत होती. मामी खाली उतरून माझ्या खिडकीशी आली.

"तुला फोन केला त्याच्या आदल्या रात्री आरशापुढं उभं ऱ्हाऊन म्हणत हुते ते," ती हळू आवाजात म्हणाली. "ताईताचं. एकदा म्हणायचे, हसायचे, परत म्हणायचे. मला तवाच कळलं, हे तुझ्यासाठी हाय. शिकवनं-बिकवनं काय न्हाई त्यात. त्यास्नी मजा येती रं. मला ठावं हाय. मी उभा जन्म बघितलीय ती."

मामाने लांबूनच "ए" म्हणून हाक मारली. ती गेली.

कराड ओलांडल्यावर आईला जाग आली. "चांगलं झालं न्हवं?" तिने विचारलं. "लय टाळ्या वाजवल्या लोकांनी."

मला खोटं बोलता आलं असतं. पण मामा तिला फोनवर हसत सगळं सांगणार, हे मला माहीत होतं. त्यापेक्षा माझ्या तोंडून ऐकलेलं बरं, म्हणून मी साध्या शब्दांत सांगितलं. वर्तुळ खरं नव्हतं. मामाला आधीपासून माहीत होतं. लोक मला हसत होते.

ती बराच वेळ समोरच्या ट्रकच्या पाटीकडे बघत राहिली.

"मग मी पेढे..." एवढंच म्हणाली. आणि उंब्रजचा पूल आल्यावर, "मामा हाय तुझा. भल्यासाठीच केलं आसंल."

दुर्बीण मी कपाटात ठेवली. दवाखान्यात रोज लोकांना ताईत, साखळ्या, मंगळसूत्र काढायला सांगताना मामाचा आवाज कानात यायचा, आणि मी वाक्य अर्धंच बोलायचो. एका म्हाताऱ्याने वैतागून विचारलं, "काय काढू, ते तरी नीट सांगा की साहेब."

त्या दिवाळीत मामी भाऊबीजेला म्हसवडला भावाकडे गेली आणि परत आलीच नाही. भांडण नाही, रडारड नाही. मामा आणायला गेला तेव्हा ती ओसरीवर शेंगा फोडत बसली होती. "मी इथंच ऱ्हाती," म्हणाली. आईने फोन करून हातापाया पडून बघितलं. मामी तिला म्हणाली, "वन्सं, तुमच्या भावाला सांगा, काचेशी बोला म्हणावं. ती उलटून बोलत न्हाई."

आईने फोन ठेवला आणि माझ्याकडे वळली. तिचा असा चेहरा मी कधी पाहिला नव्हता.

"तुझ्या त्या फोटोपायी माझ्या भावाचं घर मोडलं," ती म्हणाली. "कुणी सांगितलं हुतं तुला आभाळात बघायला? एक्स-रे काढत बसला असतास की."

बायको मधे पडायला लागली. मी तिला हाताने थांबवलं. आईशी मी वाद घातला नाही. काय घालणार? तिला भाऊ एकच होता, आणि त्याने तसं काही केलं असेल हे तिच्या पोटात जाणं शक्य नव्हतं. मग उरलो मी.

त्याच हिवाळ्यात मी कपाट उघडलं. मामाचा फिल्टर बाजूला ठेवून नवा मागवला, आणि या वेळी फ्रेम रोज हलवली. तो ठळक तारा कधी डाव्या कोपऱ्यात, कधी उजव्या, कधी कॅमेराच फिरवून. मग सगळे फोटो मेघावर जुळवून रचले. जे हलतं ते पुसलं जातं, जे खरं असतं ते साठत जातं. वर्तुळ गेलं, अगदी नावालाही उरलं नाही. पण हायड्रोजनमध्ये, मेघाच्या एकाच अंगाला, एक बारीक लाल कमान उरली. पुरात कृष्णेच्या पुलाच्या खांबाला एका बाजूने पाणी जसं फुगून येतं, तशी. ज्याचा हा मेघ, तो म्हातारा तारा आकाशातल्या विरळ वायूतून चाललाय, आणि तो ज्या दिशेने चाललाय त्या अंगाचा त्याचा मेघ समोरच्या वायूवर दाबला जाऊन चमकतोय. जुन्या मेघांत हे घडतं. मी कितीही वेळा तो ठळक तारा फ्रेममध्ये हलवला तरी कमान हलली नाही.

परदेशातल्या एका अभ्यासकाला फोटो पाठवला. त्यांचं सभ्य उत्तर आलं. कमान खरी आहे, फोटो चांगला आहे, आणि ती फार पूर्वीच मोठ्या दुर्बिणीतून पाहिली गेली आहे. म्हणजे शोध माझा नव्हताच, आधीही नाही आणि आताही नाही. मी ते उत्तर बायकोला वाचून दाखवलं. ती म्हणाली, "पण खरी हाय म्हणालेत न्हवं?" तेवढं मी ठेवून घेतलं.

या वर्षी आईने हट्ट धरला म्हणून मी माणात गेलो. मामा एकटाच. चुलीजवळ भांड्यांचा ढीग, दुर्बिणीवर मात्र धूळ नाही. त्याच्या उजव्या हाताला आता कंप आहे. बारीक स्क्रू त्याला फिरवता येत नाहीत. मी दुर्बिणीचा आरसा जुळवून दिला, छपराचं चाक मोकळं केलं. तो मागे उभा राहून चुका काढत होता. "हळू. म्हैस धुतोयस का?" काम झालं तेव्हा उन्हं कलली होती. आईने दिलेला डबा उघडून भाकरी आणि भरल्या वांग्याच्या माद्या त्याच्यापुढे ठेवल्या.

जेवताजेवता तो म्हणाला, "तुझी आई म्हणत हुती, काय कमान सापडलीय म्हणं. दाव."

फोटो माझ्या मोबाइलमध्ये होता. मोबाइल खिशात होता.

"न्हाई दावत," मी म्हणालो.

त्याचा घास हातातच राहिला. मग त्याने घास तोंडात घातला, सावकाश चावला.

"दावण्यासारखं काय नसंलच," म्हणाला. "आसंल कसलातरी डाग."

मी डबा धुतला, पिशवीत भरला आणि निघालो. त्याने दारापर्यंत यायची तसदी घेतली नाही. घरी पोचलो तेव्हा आई पायरीवर वाट बघत बसली होती.

"जेवला का रं?" तिने विचारलं.

"जेवला."

"काय म्हणाला?"

"काय न्हाई."

तिने माझ्या हातातून पिशवी घेतली, डबा काढून नाकाशी नेला, नीट धुतलाय का बघितला, आणि आत गेली.